आधी आत बघा, मग ‘गेला’ म्हणा

दसरा झाला की आमच्या भागातल्या आंबा-काजूच्या बागांत ग्रासकटरची घरघर सुरू होते. पावसात कमरेएवढं वाढलेलं रान मोहोर यायच्या आत साफ करायचं असतं, गडी मिळत नाहीत, आणि पूर्वी सहा माणसं कोयतीने चार दिवस जे काम करायची ते आता एकटा माणूस पाठीला यंत्र बांधून दोन दिवसांत उरकतो. गवतात जांभा दगड लपलेला असतो. पातं त्यावर आपटलं की एक तर दगडाची कपरी उडते, नाही तर पात्याचाच तुकडा. मी ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून २७ वर्षं काढली. नोकरीच्या शेवटच्या काळात दिवाळीआधीचा पंधरवडा मला वासावरून कळायचा: ओपीडीच्या दारात पेट्रोलचा आणि चिरडलेल्या गवताचा वास आला की मान वर करायची, समोर एका डोळ्यावर टॉवेल दाबून धरलेला माणूस उभा असायचा.

त्यातलाच एक. चाळिशीचा असेल. तिसऱ्या दिवशी आला, कारण पहिल्या दिवशी डोळा पाण्याने धुतला आणि दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून थेंब आणून घातले. मी टॉर्च मारला. “उजेड तेवढो कळता डॉक्टरांनू, दुसरा काय दिसणा नाय.” मी डॉक्टर नाही, पण ते सांगत बसायची ती वेळ नव्हती. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, हनुवटी टेकवायला लावली. बुबुळावरची काच, म्हणजे कॉर्निया, ताक ओतल्यासारखी पांढुरकी झालेली. खालच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी जखम, आणि आत तळाशी पुवाचा थर, पेल्यात चुना बसावा तसा. केसपेपरवर ‘फंडस’ असा एक रकाना असतो; डोळ्याच्या मागचा पडदा आणि नस कशी आहे ते तिथे लिहायचं. मी लिहिलं, ‘दिसत नाही’. मग चिठ्ठी, ॲम्ब्युलन्स, घाट.

पुढचं मला त्याच्याजवळच्या कागदांवरून कळलं. एका शहरात डोळ्याची सोनोग्राफी झाली, डोळ्यात औषधाचं इंजेक्शन दिलं, आणि ऑपरेशन करायचं तर आतलं काही दिसत नाही, कॉर्निया निवळला की बघू, असं ठरलं. दुसऱ्या शहरातही तेच ठरलं. कॉर्निया निवळला नाही. पाच आठवड्यांनी तो पुन्हा माझ्यासमोर बसला तेव्हा डोळा आकसायला लागला होता. मी कागद उलटत होतो, तेवढ्यात त्याने विचारलं, “आत कोणी बघल्यान काय?”

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. तीन ठिकाणी ‘दिसत नाही’ लिहिलं गेलं होतं, त्यातलं पहिलं माझ्या हाताने. कुणी हलगर्जी केली असं मी म्हणणार नाही. ज्याच्यापुढे जे यंत्र होतं त्यातून खरोखरच काही दिसत नव्हतं. पण ‘दिसत नाही’ हे वाक्य आपल्या यंत्राविषयीचं असतं आणि कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाता जाता ते डोळ्याविषयीचं होऊन बसतं. चौथ्या टेबलापर्यंत त्याचा अर्थ ‘डोळा गेला’ असा झालेला असतो. असा पांढरा पडलेला डोळा आतून बघायचं साधन जगात आहे, एंडोस्कोप म्हणतात त्याला, आणि कोकणातल्या निदान एका सरकारी रुग्णालयात ते असलं पाहिजे, असं माझं मत आहे. ते ऐकून हसणारे बरेच भेटले. त्यांच्याकडे येतोच.

आधी ते साधन काय ते सांगतो. डोळ्याची जवळपास सगळी मोठी ऑपरेशनं मायक्रोस्कोपखाली होतात. मायक्रोस्कोप रुग्णाच्या वर टांगलेला असतो आणि सर्जन कॉर्निया, बाहुली, भिंग या वाटेने आत पाहतो. वाटेत कुठेही पांढरेपणा आला की मायक्रोस्कोप लाखाचा असो की कोटीचा, दिसणार तो पांढरेपणाच. विहिरीवर शेवाळ धरलं की काठावरून तळ दिसत नाही, तसं हे. पाण्यात पडलेली कळशी काढायला अशा वेळी गावात दोन उपाय असतात. एक, काठावरून गळ टाकून चाचपडत राहायचं. दुसरा, कुणीतरी दोर धरून आत उतरायचं.

एंडोस्कोप म्हणजे ते आत उतरणं. पेनाएवढ्या दांड्याच्या टोकाला एक बारीक नळी. २३ गेज म्हणतात त्या मापाची नळी साधारण ०.६ मिलिमीटर जाडीची असते. तिच्या पोटात काचेच्या हजारो तंतूंची जुडी, चित्र बाहेर आणायला; शिवाय उजेड आत न्यायला वेगळे तंतू; काही नळ्यांत लेसरचाही तंतू. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून ती आत जाते. पडद्याच्या ऑपरेशनला तिथूनच छिद्रं पाडतात, त्यामुळे नवी जखम करावी लागत नाही. कॉर्नियाचा संबंधच उरत नाही. सर्जन समोरच्या टीव्हीच्या पडद्यावर पाहून हात चालवतो, पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीने करतात तसं. आमच्याकडे ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ हा शब्द बायकांच्या नसबंदीपासून घराघरांत गेलेला आहे, त्यामुळे डोळ्यातही दुर्बीण घालतात म्हटलं तर कुणाला समजावून सांगायला लागत नाही. अडचण झाली तर शिकलेल्यांनाच होते.

हे कालपरवाचं खूळ आहे असंही नाही. पिट्सबर्गच्या हार्वे थॉर्प यांनी १९३४ साली डोळ्यात घालायच्या दुर्बिणीचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांना हवं काय होतं, तर चुंबकाला न लागणारे तुकडे डोळ्यातून काढता यावेत. लोखंडाचा कण चुंबकाने ओढता येतो. दगड, काच, तांबं यांना बघूनच उचलावं लागतं. आमच्या जांभ्याची कपरीही त्यातलीच. त्यांचं यंत्र जाडजूड होतं. डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग, व्हिट्रियस, पांढऱ्या भागातून यंत्र घालून कापून काढण्याची शस्त्रक्रिया रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७० मध्ये केली आणि पडद्याचं सगळं शास्त्रच बदललं. नॉरिस आणि क्लिझबी यांनी १९७८ मध्ये १.७ मिलिमीटरची नळी पुढे आणली. १९९२ मध्ये मार्टिन उराम यांनी उजेड, कॅमेरा आणि लेसर एकाच नळीत बसवून काचबिंदूसाठी वापरले. डोळ्यातलं पाणी तयार करणाऱ्या गाठी बुबुळाच्या मागे दडलेल्या असतात, वरून कुठल्याही मायक्रोस्कोपला त्या सरळ दिसत नाहीत. नळी आत घालून त्या बघत बघत लेसरने शेकायच्या, म्हणजे दाब उतरतो. मार लागून भिंग सुटलेल्या डोळ्यात नवं भिंग टाक्यांनी बसवताना त्याचे पाय नेमके कुठे रुतलेत तेही याच नळीने दिसतं. एरवी तो अंदाजाचा मामला.

इथे थोडं विषयांतर करतो. हल्ली मोठ्या शहरांत चष्मे घालून भल्यामोठ्या पडद्यावर बघत थ्री-डी ऑपरेशनं होतात. सर्जनची मान वाचते, शिकणाऱ्यांना सगळं दिसतं, चांगलीच गोष्ट आहे. पण ते चित्रही कॉर्नियातूनच येतं. कॉर्निया पांढरा असेल तर पांढरेपणा थ्री-डीमध्ये दिसतो, एवढाच फरक. मला दोन्ही यंत्रांची बरोबरी करायची नाही. पण ‘आधुनिक’ म्हणून जे विकत घेतलं जातं ते आधीच स्वच्छ दिसणारा डोळा आणखी स्वच्छ दाखवतं, आणि ज्याच्यात काहीच दिसत नाही त्या डोळ्याची खरेदी कुणाच्याच यादीत नसते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता कोकणातच का. कारण डोळ्यात पू आणि कॉर्नियावर पांढरेपणा एकत्र येण्याची जेवढी कारणं आहेत तेवढी सगळी आमच्याकडे बारमाही आहेत. भात कापताना पात डोळ्याला घासते, झोडताना कुसळ उडतं. ओल्या हवेत अशा जखमेत बुरशी धरते, आणि मेडिकलमधून आणलेले थेंब स्टेरॉइडचे असले तर तिला खतपाणीच मिळतं. चिरेखाणीवर सपकन उडणारी कपची. काजूची बी भाजताना टरफलातलं तेल तडतडून डोळ्यात जातं, ते कातडी सोलवटतं तिथे कॉर्नियाची काय कथा. गळ उलटून डोळ्यात घुसलेले मासेमार मी पाहिलेत. आणि छिन्नी. छिन्नीच्या डोक्यावर हातोडा बसून बसून त्याच्या कडा फुलासारख्या उमलतात, आणि त्या कडेचा एक बारीक तुकडा कधीतरी गोळीसारखा सुटतो. जखम इतकी लहान असते की माणूस डोळा चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. लोखंड आत राहतं, काही महिन्यांत गंज पडद्याला मारतो.

मातीने माखलेला तुकडा आत गेला तर महिने लागत नाहीत. मातीतल्या बॅसिलस जातीच्या काही जंतूंना एक-दोन दिवस पुरतात. पुवाने भरलेला डोळा साफ करायची वेळ दिवसांत मोजायची नसतेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात पू झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले आणि आजही त्यांचा आधार घेतात. ज्यांना फक्त उजेड कळतो अशांचा डोळा लगेच आतून धुऊन साफ केला तर फायदा होतो, असं त्यात दिसलं. पण त्या अभ्यासात रुग्ण घेतानाच अट होती: कॉर्निया ऑपरेशन करता येण्याइतपत स्वच्छ पाहिजे. म्हणजे माझ्यासमोर बसलेला माणूस त्या अभ्यासाच्याही दाराबाहेर. वर त्याचा डोळा माराने बिघडलेला, तोही त्यात धरलेला नव्हता. ज्यांचं बघता येत नाही त्यांचं मोजताही येत नाही, असा हा फेरा आहे.

फेरा इथेच संपत नाही. २०१५ ते २०१९ मध्ये देशभर अंधत्वाचं सर्वेक्षण झालं. पन्नाशीच्या पुढच्या लोकांत अंधत्वाचं पहिलं कारण मोतीबिंदू, ६६.२ टक्के. पन्नाशीच्या आत मात्र पहिला क्रमांक कॉर्नियाच्या पांढरेपणाचा, ३७.५ टक्के. कामाच्या वयातली माणसं आणि लहान मुलं त्यात आली. आता गंमत बघा, अर्थात गंमत कसली. सर्वेक्षणात माणूस आंधळा धरतात तो चांगल्या डोळ्यावरून. चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तरच. ग्रासकटरने एक डोळा घालवलेल्या माणसाचा दुसरा डोळा ठणठणीत असतो, म्हणून तो या आकड्यात नाही. अपंगत्वाच्या दाखल्यात एक डोळा पूर्ण गेल्याचे ३० टक्के मिळतात, आणि सवलती ४० टक्क्यांपासून पुढे. म्हणजे तो तिथेही नाही. माडावर चढणाऱ्याचा, पातीवर, म्हणजे लहान होडीवर, जाळं ओढणाऱ्याचा, गाडी चालवणाऱ्याचा एक डोळा जाणं म्हणजे निम्मा धंदा जाणं, पण ते लिहायला आपल्याकडे रकाना नाही. मग मंत्रालयातला माणूस विचारतो, अशा केसेस वर्षाला किती? आकडा दाखवा.

हाच प्रश्न माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने वेगळ्या तऱ्हेने विचारला. तो म्हणाला, “होडीला वल्हं नाही आणि तू जीपीएस मागतोस.” त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण ते बरंचसं खरं आहे. त्याच्या मते आधी गॉगल द्या. चिरेखाणीवर, बागेत, वेल्डिंगच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांचा जाड प्लॅस्टिकचा गॉगल असता तर यातले निम्मे डोळे ओपीडीत आलेच नसते. छिन्नीच्या उमललेल्या कडा ग्राइंडरवर घासून टाकायला पाच मिनिटं लागतात. गावातल्या मेडिकलवाल्याला एकदा बसवून सांगा की माती-पाचोळा गेलेल्या डोळ्यात स्टेरॉइड द्यायचं नाही. बुरशीवरचे थेंब तालुक्याला ठेवा. या सगळ्याला यंत्र लागत नाही.

मान्य, एकूण एक मान्य. फक्त दोन गोष्टी सांगतो. एक तर ग्रासकटरबरोबर तोंडावर लावायची जाळी येतेच. ती खुंटीला लटकते, कारण ऑक्टोबरच्या उन्हात घामाने काही दिसत नाही. गॉगलवर धुकं चढतं. कोकणातल्या दमट हवेत टिकणारा गॉगल हाही एक करायचा विषय आहे आणि तो केलाच पाहिजे. पण गॉगल वाटले म्हणून अपघात शून्यावर येत नाहीत, आणि ज्याच्या डोळ्यात कपरी आधीच गेली त्याला गॉगलचं महत्त्व सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचा क्लास सुचवणं. दुसरी गोष्ट जीपीएसची. आमच्या किनाऱ्यावर लहानातल्या लहान पातींवर जीपीएस आला, वल्ही सुटायच्या आधी आला. कारण धुक्यात परत यायचं तर तोच कामाला येतो, हे मासेमाराला कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

त्याच होड्यांवर फिश फाइंडर असतो. आवाज खाली सोडायचा, परत आलेल्या आवाजावरून काय आहे ते ताडायचं. डोळ्याची सोनोग्राफी अगदी तशीच आहे, आणि ती तर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास असायलाच हवी, त्यावर वाद नको. पडदा सुटलाय का, आत तुकडा आहे का, एवढं ती सांगते. पण फिश फाइंडरवर काहीतरी आहे हे कळतं, बांगडा की तारली ते जाळं वर आल्यावरच. पडदा जागेवर आहे पण जिवंत आहे का, नस गुलाबी आहे की पांढरी पडली, हे आवाजाला कळत नाही. त्याला नजर लागते.

आणि हे कळणं का गरजेचं, यावर माझा सगळा मुद्दा उभा आहे. एंडोस्कोप आला की गेलेले डोळे परत येतील, असं मी म्हणत नाही. अशा डोळ्यांतले पुष्कळसे वाचणार नाहीतच; वाचले तरी बऱ्याच जणांना बोटं मोजण्याइतकंच दिसेल. पण निर्णय बघून होईल. कॉर्निया पांढरा असताना आत शस्त्रक्रिया करायचा दुसरा मार्ग आहे: तो गोल कापून काढायचा, त्या जागी तात्पुरती कृत्रिम काच बसवायची, आतलं काम उरकायचं आणि शेवटी दान मिळालेला कॉर्निया शिवायचा. उत्तम हातांनी उत्तम होतं. पण त्याला त्याच दिवशी, त्याच टेबलावर, दान आलेला कॉर्निया हजर पाहिजे, आणि सुजलेल्या, पुवाने भरलेल्या डोळ्यात शिवलेला कॉर्निया तगेल याची खात्री कमीच.

नेत्रदानासाठी मी मयताच्या घरी जात असे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढायचे असतात, त्यामुळे अंगणात तिरडी बांधत असताना, आत बायका रडत असताना, आपण हातमोजे घालून माजघरात शिरायचं. एकदा एका म्हाताऱ्या आज्जींनी, ज्यांचा नवरा समोर निजवलेला होता, मला विचारलं, “खयल्या माणसाक लावतलास?” मी म्हटलं, ज्याला गरज असेल त्याला. तो कॉर्निया पुढे कुठल्या डोळ्यात गेला ते मला माहीत नाही. पण ज्या डोळ्याची नस मेलेली आहे हे अर्ध्या मिलिमीटरच्या नळीने आधीच बघता आलं असतं, अशा डोळ्यात तो शिवला गेला असेल तर त्या आज्जींना मी काय सांगणार? आधी आत बघा, नस जिवंत असेल तरच बाहेरची काच बदला. नळीचा हा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं, कारण त्यात वाहवा मिळावी असं काही नाही.

सर्जन मंडळींचा आक्षेप वेगळा असतो. मायक्रोस्कोपमध्ये दोन डोळ्यांनी बघता येतं, खोली कळते. एंडोस्कोपचं चित्र सपाट. तंतू हजारांत मोजण्याइतके, म्हणून चित्र मधाच्या पोळ्यासारखं ठिपक्याठिपक्यांचं. मुठीतला दांडा फिरला की पडद्यावरचं जगही फिरतं. वर कुठलं, खाली कुठलं, याचा गोंधळ उडतो. नळीचं टोक डोळ्याच्या आतल्या पडद्याला लागलं तर भोक. हे सगळं खरं आहे, आणि ज्याने शिकून घेतलेलं नाही त्याने त्याला हात लावू नये.

पण सपाट दिसणं म्हणजे न दिसणं नव्हे. माझ्या ओळखीचा एक खलाशी आहे, लहानपणी विटीने एक डोळा गेला. तो चहा ओतताना किटलीचं तोंड आधी कपाच्या कडेला टेकवतो, मग तिरपं करतो. धक्क्यावर उतरताना अंतर बघत नाही, होडीची सावली पाण्यात कुठे तुटते ते बघतो. तीस वर्षांत तो पाण्यात पडलेला नाही, निदान शुद्धीत असताना. एंडोस्कोप शिकलेले सर्जन नेमकं हेच करतात: हत्याराची सावली बघतात, टोक जवळ गेलं की उजेड कसा भडकतो ते बघतात, नळी किंचित हलवून कोण पुढे आणि कोण मागे ते ताडतात. बोकडाच्या डोळ्यांवर हा सराव करता येतो, आणि बोकडाच्या डोळ्यांची कोकणात ददात नाही. मुळात ज्या डोळ्यात मायक्रोस्कोपला काहीच दिसत नाही तिथे तुलना सपाट चित्राची आणि खोल चित्राची नाहीच. सपाट चित्र की पांढरी भिंत, एवढाच सवाल आहे.

तर मागणी काय? अलिबाग आणि सिंधुदुर्गात २०२१ मध्ये, रत्नागिरीत २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. तीनही ठिकाणी नळी नको. एका ठिकाणी हवी, पण पडद्याच्या शस्त्रक्रियेची सगळी सोय, शिकलेला सर्जन, त्याच्या रजेत काम करू शकेल असा दुसरा, आणि रात्री फोन उचलणारं माणूस यांच्यासकट. नुसती नळी घेऊन ठेवणार असाल तर घेऊ नका, हे मी दहादा सांगेन. सावंतवाडीचा माणूस गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातो, रत्नागिरीचा आंबा घाट चढून १३० किलोमीटरवर कोल्हापूर गाठतो, आणि दरड आली की करूळ घाटाऐवजी भुईबावडा घाटाचा वळसा. महात्मा फुले योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, ते चांगलंच आहे. पण पैशाची सोय झाली म्हणून घाट लहान होत नाही, आणि पू थांबून राहत नाही.

यंत्र आलं की नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो छापून येतो, आणि पहिल्या पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी धरते. हे मी अलंकारिक बोलत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत भिंगांवर खरोखरच बुरशी वाढते. आमच्या स्लिट लॅम्पच्या भिंगावर एकदा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या होत्या. मला आठवडाभर वाटत होतं की गावातल्या सगळ्यांच्याच कॉर्नियावर काहीतरी आलं आहे. मग आम्ही कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवायला लागलो, आणि सिलिका जेलच्या पुड्या दर सोमवारी तव्यावर गरम करून पुन्हा वापरायचो. त्याला खर्च शून्य, पण कुणीतरी ते आठवणीने करणारं लागतं. एंडोस्कोपची नळी तर याहून नाजूक. मुडपली की आतले तंतू तुटतात आणि पडद्यावर काळे ठिपके उमटतात, दर मुडपीला चार-दोन जास्त. ती कुणी धुवायची, निर्जंतुक कशी करायची, गुंडाळून कशात ठेवायची, बिघडली तर किती दिवसांत बदलून मिळणार, हे खरेदीच्या कागदावर आधी लिहा, किंमत नंतर.

आणि एक बिनखर्चाची गोष्ट, जी उद्यापासून करता येईल. डोळ्याच्या अपघाताची जी चिठ्ठी ग्रामीण रुग्णालयातून वर जाते, तिच्यावर ‘पुढील उपचारार्थ’ एवढंच असतं. त्याऐवजी चार ओळी छापा. मार कधी लागला, तारीख आणि वेळ. सोनोग्राफी कधी झाली. ‘दिसत नाही’ असेल तर आत कोण बघणार, आणि त्याला कुठल्या नंबरवर, किती वाजता फोन केला. पहिल्या ओळी मी हाताने लिहायचो. शेवटच्या ओळीत घालायला माझ्या सबंध नोकरीत माझ्याकडे एकही नंबर नव्हता, म्हणून मी तिथे ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा नंबर लिहीत असे.